फॉल-पिको : साठ

अण्णा पत्र लिहीत नाहीत.
फोनवर त्यांची दोनच वाक्यं :
जेवनी का? पैसा भेटनात का?
बाकीचं घर बँकेच्या मेसेजात येतं.
मला ते वाचता येतं.

वीस म्हणजे पँटची उंची कमी.
चाळीस, चेन बदलली.
साठ, साडीला फॉल-पिको.
शंभर आले की एक चेन, एक साडी,
आणि दुपारचा चहा नाही.
एकशे ऐंशी : गल्लीत कुणाचा तरी साखरपुडा.
एकदा रात्री अकराला सदतीस रुपये आले.
सदतीसचं कुठलंच काम होत नाही आमच्या दुकानात.
निंबानं नंतर सांगितलं, त्याचा गल्ला होता,
सायकलच्या घंटीसाठी जमवलेला.
सायकल नाहीच आहे ताई, तो म्हणाला,
घंटी आधी घेणार होतो.

फतेगंजात एका खोलीत आम्ही चौघी.
मेसचा खाडा तीन दिवस आधी कळवला तर पैसे वजा होतात,
म्हणून मी उपास तीन दिवस आधी ठरवते.
घरमालकीणबाई विचारतात, आज कयो उपवास, बेटा?
मी पंचांगात नसलेली एखादी तिथी सांगते.
विश्वामित्रीच्या पुलावर लोक मगर बघायला थांबतात,
मीही थांबते. तिथे रेंज चांगली येते.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख होती.
खिडकीपाशी माझ्यापुढे सहाजण.
तेवढ्यात फोन थरथरला :
आठ हजार पाचशे.

साठानं भाग जात नाही.
चाळीसनं जात नाही.
विसानं जातो, चारशे पंचवीस.
एका दुपारी चारशे पंचवीस पँटी?
आख्ख्या शहाद्यानं एकदम बुटकं व्हायचं ठरवलं
तरी जमणार नाही.
मागची मुलगी म्हणाली, चालो ने, आगळ वधो.
मी पैसे भरले. गुलाबी पावती घेतली.
घडी घालताना कडा जुळेनात.

त्याच आठवड्यात सर शिकवत होते,
रांगेत न बसणारा आकडा दिसला
तर आधी तपासा, नोंदणीची चूक आहे का.
चूक नसेल, तर त्याला काढून टाकण्याआधी
तो कुठून आला हे विचारा.
मी वहीत लिहून घेतलं.
विचारलं मात्र नाही.

पुढचे मेसेज वाचत राहिले.
वीस. चाळीस. वीस. वीस.
ऐंशी, म्हणजे दोन चेन.
दिवाळी आली, घरोघरी नव्या साड्या निघाल्या असतील,
तरी चाळीस. वीस. वीस.
महिनाभर, मग दोन महिने,
साठ कुठेच नाही.
साठ लागेल अशी बेरीजसुद्धा नाही.

तेव्हा मला ते मशीन दिसलं,
दाराशी, उजेडाच्या बाजूला ठेवलेलं,
ज्याच्यावर मी आठवीत असताना
बोट शिवून घेतलं होतं.
आता तिथे बहुतेक स्टूल असेल.
गिऱ्हाईक साडी घेऊन येत असेल,
आणि अण्णा म्हणत असतील, पुढच्या चौकात विचारा.

मांडवीत, दरवाजाच्या अलीकडे,
चंपकभाईंचं साड्यांचं दुकान आहे.
माळ्यावर तीन मशीनं, एक रिकामं.
फावे छे? त्यांनी विचारलं.
मी बोटावरची खूण दाखवली.
ते हसले, मग हसायचे थांबले.
शनिवार-रविवार. साडीमागे पंधरा.

पहिल्या शनिवारी चारच साड्या झाल्या,
एक उसवून परत करावी लागली.
रात्री पुलावर उभी राहून
मी घरी पाठवले :
साठ.

पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग फोन. जेवणाचं विचारलं नाही,
पैशाचंही नाही.
घसा साफ केल्याचा आवाज,
मागे निंबा पाढे म्हणतोय,
आणि अण्णा,
एखाद्या कारागिरानं कारागिराला विचारावं तसं :
तठे दोरा कोन्ता वापरतस?