किटली की आकडा

शारजापासून आत, वाळूतल्या त्या वस्तीचं नावच सजा.
हिंदी कळणारे पहिल्या दिवशी हसतात एकदा,
मग नाही हसत.

पहिल्या खेपेला मी वही उघडून मेसमध्ये बसलो.
दाराशी कॅम्पबॉस, हातात किल्ल्यांचा जुडगा.
प्रश्न छापील होता : गेल्या वर्षात
जीव नकोसा झाला होता का कधी?
साठ जण. साठ वेळा नाही.
एकानं उलट मलाच विचारलं, साहेब, जेवलात का?

दुसऱ्या खेपेला शुक्रवार गाठला,
कॅम्पबॉस नमाजाला गेलेला,
आणि वहीआधी काढला एक दिरहम.
म्हटलं, पलंगाच्या पडद्याआड जा, नाणं उडवा,
मला दाखवू नका.
किटली आली तर डोळे मिटून हो म्हणा.
आकडा आला तर खरं काय ते.
तुमचा हो तुमचा की किटलीचा
हे मला कळणार नाही, कंपनीला नाही,
वर जो आहे त्यालाही दोनदा बघावं लागेल.

सिरिसिल्ल्याचा नरसय्या म्हणाला,
खोटं किटलीनं बोलायचं आणि पाप मला?
म्हटलं, निम्मं निम्मं.

मंडणगडचे हसनमियां परकार, सगळ्यांत थोरले,
अठ्ठावीस वर्षं शटरिंगवर.
त्यांचं नाणं बोटांतून निसटलं,
घरंगळत गेलं पलंगाखाली, चपलांच्या मागं.
ते वाकलेच नाहीत.
पडलंय तिथे राहू दे, म्हणाले. हो. लिही.

आणि मी, पगारी कान,
हात जोडून म्हणालो, चाचा, असं नका सांगू.
पुन्हा उडवा.
मला कळता कामा नये.

बराच वेळ बघत राहिले माझ्याकडे.
मग गुडघे टेकून नाणं ओढून काढलं,
फुंकलं, उडवलं, मुठीत झाकून पाहिलं.
हो.
तोच आवाज, शेवटी जरा खाली बसणारा.
मी रेघ मारली, बाकीच्यांसारखीच.

रात्री हिशेब : साठात एकेचाळीस हो.
त्यातले तीस किटलीचे, धरून चालू.
उरले अकरा, तेही ज्यांना आकडा आला त्या तिसांतले,
म्हणजे अख्ख्या कॅम्पात बाविसेक.
बावीस गाद्या.
कुठल्या, ते गणिताला ठाऊक नाही.

सोमवारी कॅम्पबॉस म्हणाला, नावं दे,
लक्ष ठेवतो त्यांच्यावर.
नाही माहीत, म्हटलं.
जवळजवळ खरं होतं.

तो दिरहम परकारांनी परत केला नाही.
बसथांब्याजवळच्या टपरीवर
त्याचाच चहा पाजला मला, एक कप, दोघांत.
पोऱ्यानं नाणं उचललं,
कुठली बाजू वर आहे ते न बघता
गल्ल्यात टाकलं.