खर्ज

वीस वर्षं मी व्हर्डेल हेस्टीची पाठ पाहिली.
ड्रमवाल्याच्या वाट्याला तेवढंच येतं:
जांभळ्या झग्याची शिवण, मानेवरचा घाम,
आणि वरचा सूर लावताना
किंचित उचलला जाणारा डावा खांदा.
त्या खांद्यावरून मला समजायचं, आता सम.

तो सूर कसा होता ते मला सांगता येत नाही.
यंगस्टाउनच्या पोलादभट्ट्या विझल्या तेव्हा
माणसं रविवारी तो ऐकायलाच यायची.
पगार नव्हते, तरी दानाची थाळी कधी रिकामी परतली नाही.
बाया बाकांवर चढायच्या.
डीकन क्लिओफस टिग्ज अंगात आल्यासारखा
चष्मा फेकून द्यायचा
आणि सोमवारी बाकांखाली शोधत फिरायचा.

मग गळ्यात गाठ निघाली.
डॉक्टरांनी गाठ काढली,
तिच्याबरोबर वरचे पाच सूर गेले.
कापल्या जागी पांढरी बारीक रेघ,
मोत्यांचा सर काढल्यावर वळ राहावा तशी.
पहिल्याच रविवारी ती उभी राहिली, तोंड उघडलं,
आणि गंजलेली बिजागरी करकरावी तसं काहीतरी.
कोणी हसलं नाही. तेच वाईट झालं.
सगळे "हो प्रभू, हो प्रभू" म्हणत राहिले,
आजाऱ्याला काखेत धरून चालवावं तसे.

दोन वर्षं ती फिरकली नाही.
हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईला लागली, रात्रपाळी.
लोक म्हणाले, बाटली. लोक म्हणाले, विश्वास गेला.
बाटली होती.
विश्वासाचं मी विचारलं नाही.
मी ड्रमवाला माणूस, मला फक्त मोजता येतं.

नोव्हेंबरात फोन आला.
"लेमुएल, काठ्या आणू नकोस. ब्रश आण."

बुधवारची प्रार्थना. अकरा माणसं, त्यातला एक झोपलेला.
आम्ही दोघांनी ऑर्गन ढकलून तिरका केला;
का, ते तिनं सांगितलं नाही.
स्पीकरचा फिरता कर्णा तिनं बंद केला.
उरला नुसता आवाज, इस्त्री न केलेला.
आणि ती गायली.
खाली. इतकं खाली, की आधी मला वाटलं
हीटरचा पाइपच घुमतोय.
एक ओळ. मग काही नाही.
चार मात्रा, आठ, बारा,
माझे हात घाबरले.
मग ओळ परत आली,
ओल्या चादरीची घडी घालताना
समोरच्याच्या हाती दोन टोकं द्यावीत
तशी, अर्धी माझ्याकडे.

"रात्री तीनला ड्रायर थांबतो ना,"
नंतर गाडीत म्हणाली,
"त्यानंतर जे उरतं ते मी ऐकत बसायची.
तिथं मला कोणी वर चढ म्हणत नव्हतं."

सिस्टर ओलेथानं दारातच विचारलं, कोण वारलं?
टाळी कुठं द्यावी कुणाला कळलं नव्हतं.
टिग्जचा चष्मा नाकावरच.
पाळकांनी तिला बाजूला घेतलं:
रविवारी जुनं काहीतरी घे, लोकांना उचलणारं.
"उचलून झालं, रेव्हरंड.
आता जरा त्यांच्याजवळ बसून बघते."

अर्धा कॉयर नाताळाआधीच दुसऱ्या चर्चला गेला.
तिकडे ड्रम नवे आहेत, पैसेही देतात.
मीही एकदा जाऊन बघून आलो, खोटं कशाला बोलू.

पण त्या बुधवारी, ऑर्गन तिरका होता म्हणून,
गाताना तिचा चेहरा मला दिसला.
डोळे उघडे असतात तिचे.
खालचा एक दात शेजारच्यावर चढलेला आहे.
वीस वर्षं, आणि मला माहीत नव्हतं.

माझा ब्रश एक मात्रा उशिरा पडला.
तिनं वाट पाहिली.