चार नंबरची विहीर

विहीर म्हणायचं ते कागदावर.
दोन इंची पांढरा पाइप,
पेट्रोल पंपाच्या डांबरात उभा गाडलेला,
वर लोखंडी झाकण, तीन बोल्ट,
त्यातला एक कायमचा गंजलेला.
रहाट नाही, काठ नाही,
वाकून पाहिलं तर आपला चेहराही दिसत नाही.

तीन महिन्यांनी एकदा मी येते
लेक सुपीरियरच्या कडेकडेने, दोन तास.
डेल्मर कुओप्पाला दुकानातून हात करतो,
कॉफीचे पैसे घेत नाही.
टाकी त्याच्या बापाने पुरलेली.
रोजच्या हिशेबात चार गॅलन कमी यायचे,
बाप म्हणायचा, उन्हाने उडत असेल.
उन्हाने! इथे,
जिथे मे महिन्यातही भिंतीआड बर्फ असतो.

पाणी कुठे मुरतं
ते आमच्या नकाशावर निळ्या बाणांनी दाखवलंय.
सगळे बाण रस्ता ओलांडतात
आणि इर्या साल्मेलाच्या परसात शिरतात.
'वास येतो' असं पहिल्यांदा तीच म्हणाली होती.
लोक म्हणाले, नाक म्हातारं झालं.
नऊ वर्षं झाली तिच्या पंपाला कुलूप लागून.
आता काउंटीची गाडी निळे कॅन ठेवून जाते.
मी दिसले की टपालपेटीपाशी येऊन विचारते,
'काय म्हणतंय पाणी?'
आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

कुपी काठोकाठ भरायची.
पाण्याचा घुमट ओठावर आला पाहिजे,
मग झाकण, मग उलटी, मग टिचकी.
ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसला
तरी मी ओतून पुन्हा भरते.
तेवढ्या हवेतही बेन्झीन पळून जातं.

गेल्या चार खेपा अहवालात एकच शब्द:
आढळले नाही. आढळले नाही.
आणखी एक आला की फाइल बंद.
डेल्मरने पाटीही रंगवून ठेवलीय, 'विकणे आहे',
दाराआड, भिंतीकडे तोंड करून.

आज एप्रिलची बावीस.
बर्फ एकदम वितळला यंदा.
मोजपट्टी खाली सोडली, अकरा फुटांवर लागणारं पाणी
आठावरच शिट्टी वाजवू लागलं.
म्हणजे ते चढलं होतं त्या मातीपर्यंत
जिने इतकी वर्षं
काही न बोलता धरून ठेवलं होतं.

बेलर वर आला.
त्यात नखाएवढा रंगीत तवंग,
मोरपिशी, सुंदर म्हणावा असा.
डेल्मर कॉफी घेऊन जवळच उभा होता.
वास त्यालाही आला असणार.
त्याने कप जमिनीवर ठेवला
आणि उगाच ट्रकच्या टायरकडे बघत राहिला.

मी लेबलवर वेळ लिहिली: दहा चाळीस.
सही केली. तीन कुप्या बर्फात ठेवल्या.

रस्त्यापलीकडे टपालपेटीचं दार वाजलं.
'काय म्हणतंय पाणी?'

मी खाली बसून बोल्ट आवळत होते.
एक आवळला. दुसरा आवळला.
तिसऱ्याला पाना बसतच नव्हता.