भट्टीतली वजाबाकी

शोल्पान दोन मुशी भट्टीत ठेवते.
एकीत कोस्तानायच्या गव्हाच्या रानातली माती,
दुसरीत कबरस्तानातली,
जिथं नांगर कधी शिरलाच नाही.

जळू द्यायचं, निवू द्यायचं, मग तोलायचं.
जेवढं उणं भरेल
तेवढं मुळांचं, बुरशीचं,
कधीकाळी इथं चरून इथंच पडलेल्या घोड्यांचं.

गव्हाची मूस जवळजवळ तेवढीच भरते.
जळायला होतंच काय तिच्यात?

दुसरी मात्र हलकी,
काटा पुसून पुन्हा बघावा इतकी.

हा नमुना तिनं आजोबांच्या उशाशी खणला होता.
येर्केबुलान. ट्रॅक्टरवाले.
हा सगळा माळ पहिल्यांदा त्यांनीच मोडला,
पदक मिळालं.
आता निजलेत
त्यांच्या हातून राहून गेलेल्या
एवढ्याशा गवताखाली.