बेअरिंग

कॅबिनेट आडवं हवं होतं, साडेपाच इंचांत मावेल असं,
कारण टीव्हीखालची फळी नान्नांनी मारलेली,
जुन्या मागाच्या सागवानातून,
आणि तिला करवत लावायची नाही, अम्माने आधीच बजावलेलं.

प्रोसेसर नवी पेठेतून. रॅम पुण्याहून कुरियरने.
रिमोटचा डोळा कुठेच मिळेना,
शेवटी भंगारातल्या एका सेट टॉप बॉक्समधून
काढून घेतला, चाळीस रुपयांत.
पंख्यावर मात्र मी पैसे उधळले.
एकोणीस डेसिबल, खोक्यावर छापलेलं.
दिवाणखान्यात सिनेमा बघताना
मशीन आहे हे कळताच कामा नये.
अम्मा म्हणाली, कळणार कुणाला?

खरंच, कुणाला.
एकतीस वर्षं नान्ना साखर पेठेतल्या शेडमध्ये,
सोळा माग एका पत्र्याखाली.
तिथे माणसं ओठ बघून बोलायची
आणि घरी येऊन ओरडून.
आता आम्ही ओरडतो, ते ओठ बघतात.

वैशाखातली दुपार. चव्वेचाळीस.
थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावायची असते,
लावली, आणि कपाळावरचा घाम बरोब्बर शेजारी टपकला.
त्रेसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा पहाटे तीनला, कारण त्या दिवशी पाणी होतं,
पाचव्या दिवसाचं,
सगळी गल्ली जागी, पाइप, घागरी, ड्रम,
आणि दोन ड्रमांच्या मध्ये मी ओल्या पायांनी पळत येऊन
‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ दाबत होते.
अम्मा मोरीतून ओरडली, चालु!
मी बटण दाबलं.
ती ड्रमाबद्दल बोलत होती.
आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.

खोलीत आवाज घुमायचा.
उघड्या भिंती, शहाबादी फरशी, प्रत्येक संवाद दोनदा.
फोम विकत कोण घेणार, माळ्यावरच्या चादरी काढल्या,
खिळ्यांना टांगल्या.
नान्ना आले, कोपरा चिमटीत धरून बघितला,
चांगल्या तीन उतरवल्या, घडी घातली,
त्यांच्या जागी फॉल्टचा माल लावला,
धागा सुटलेला, मोर अर्ध्यावर संपलेला.
भिंतीला काय थंडी वाजते, म्हणाले.

मग एका संध्याकाळी सगळं एकदम उठलं.
स्क्रीन निळी, स्क्रीन काळी, मग यादगिरीमामाचं लग्न,
कॅसेटवरून फाइल झालेलं,
अम्मा तिच्याच तरुण चेहऱ्याकडे बघून
ही कोण म्हणून विचारतेय.

नान्ना लग्न बघत नव्हते.
खाली बसले, तळहात कॅबिनेटवर ठेवला,
मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा, डोळे मिटून.
मागचा, म्हणाले. बेअरिंग.
मी कान लावला. काही नाही.
श्वास धरून लावला. काहीच नाही.
किती दिवस, मी ओठ मोठे करून विचारलं.
त्यांनी चार बोटं दाखवली.
दिवस की आठवडे, ते राहिलंच.

आठवडे.
शुक्रवारी, ऐन भांडणाच्या सीनमध्ये, खर्र सुरू झालं.
नवा पंखा मागवला, जरा महागातला, बसवला.
नान्नांनी हात ठेवला. बराच वेळ.
मग पंजा उलटा करून ठेवला,
आणि माझ्याकडे बघून म्हणाले,
हे बंद आहे का?

जुना मी टाकला नव्हता.
रविवारी दुपारी स्क्रू उघडले, चारच असतात.

आता पिक्चरमध्ये कुणी हळू बोललं तर ऐकू येत नाही,
अम्मा चिडते, वाढव म्हणते, मी वाढवते.
नान्ना खाली, पाठ फळीला टेकलेली,
मांडीवर शेंगांची टरफलं.
तेल कधी घालायचं
ते तेच सांगणार आहेत.