उत्तरेची खिडकी

इतवारी सराफ्यात, दुसऱ्या मजल्यावर
ढोमणेकाकांनी मला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं.
"उन्हात पाहू नको. उन्हात काचबी मिरवते."
बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
पांढऱ्या कागदाला घडी, घडीत खडा
पालथा.
"समोरून चमकते अन् रंग लपवते तो.
पाठीकडून पाय, पोरी."

मी पाहिलं. हळदीचं बोट
पाण्यात बुडवून काढल्यावर पाणी होतं
तेवढाच पिवळा.
"के," मी म्हटलं. "एल," ते म्हणाले,
आणि एका अक्षरात साडेचार हजार गेले.

इथली वर्णमाला डीपासून सुरू होते.
ए, बी, सी कुठं गेले विचारलं तर म्हणाले,
तितकं शुद्ध कोणी नसते, बाप्पा.

भिंग डोळ्याशी, दोन्ही डोळे उघडे.
आत ढग, टाचणीचं टोक, एक पीस.
पीस म्हणजे तडा. नाव किती हलकं ठेवलंय.

बुधवारी उमरेडहून यमुताई गभणे आल्या.
पॉलिशला दिलेल्या कुडीतला खडा हाच का?
मुलानं डोक्यात शंका घातली होती.
मी जुनी चिठ्ठी काढली: तेवीस सेंट, एल,
कडेला पीस, घड्याळात पाच वाजतात तिथं.
भिंगात पाहिलं. पाचच वाजले होते.

"तुमचाच आहे," म्हटलं.
मग तडाही सांगावा लागला.
त्यांनी भिंग मागून घेतलं,
बराच वेळ पाहत राहिल्या,
आणि कुडी घालताना म्हणाल्या,
"इतकी वर्षं कानात होता.
आवाज नाही केला हो त्यानं."