पाठीची बाजू

कर्कॉडीत, फोर्थच्या खाडीकडे पाठ करून उभ्या
जुन्या लिनोलियम कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
मोरॅग गिलफिलन ठसे काढते.
जिन्यात अजून जवसाच्या तेलाचा वास आहे.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, आमच्याकडे याची चटणी करतात.
ती म्हणाली, आमच्याकडे फरश्या करायचे,
माझा बाप जन्मभर त्यांच्यावरच उभा राहिला.

मी तिला एक्स-रेच्या फिल्म नेऊन देते.
इस्पितळात आता सगळं पडद्यावर दिसतं,
तळघरात उरल्यात त्या उजेड लागलेल्या,
नुसत्या काळ्या, आत माणूस नसलेल्या.
साचे कापायला तिला त्याच हव्या :
पुठ्ठा ओला झाला की संपला,
फिल्म नळाखाली धरली की पुन्हा कोरी.

तिच्या आकारांना नावं नाहीत.
"हे काय आहे?" विचारायची बंदी आहे.
आणि मी सव्वीस वर्षं सावल्या वाचून पगार घेतलेला :
ही तिसरी बरगडी, ही जुनी मोड, सांधलेली,
हे पाणी,
हे काही नाही, घरी जा.
एकदा मला ठशात मनगट दिसलं.
तुझं मनगट तुझ्यापाशी ठेव, म्हणाली.

नोव्हेंबरात फिल्म संपल्या.
माझ्या बॅगेच्या तळाशी एक होती, मिरजेची,
साड्यांखाली सपाट.
कोपऱ्यात पांढऱ्या शाईने : वय एकसष्ट, कंबर, बाजूने.
मी तेव्हा शिकाऊ. बटण मीच दाबलेलं.
श्वास धरा, बापू.
सोडा म्हटलं का नंतर,
आठवत नाही.

लागणार आहे का तुला ही? मोरॅगनं विचारलं,
उजेडाला न धरता.
नको, म्हटलं.

तिनं सुरी घेतली.
दुखायचं तिथून नाही, जरा वरून
एक लांब तिरकी फट,
मग सात भोकं, एकमेकांना न ओळखणारी.
तुकडे टेबलाखाली पडले. केर मीच काढला.
एक तुकडा कोटाच्या खिशात गेला, तो अजून आहे तिथे,
बसच्या तिकिटांबरोबर.

पाटीवर साचा. साच्यावरून तिनं पातं ओढलं,
डिंकात कालवलेली खरखरीत पूड,
थालीपिठाच्या पिठाइतकी घट्ट.
साचा उचलला.
जिथून काढून टाकलं होतं
तिथेच आता उंचवटे.

दोन दिवस वाळवण. मग ओला कागद,
वर फेल्टची तीन पांघरुणं. शाई नाही.
चाक मी फिरवलं, दोन्ही हातांनी,
मधे एकदा जड गेलं, मोरॅग म्हणाली, थांबू नकोस.

कागद सोलून काढला तर समोर नुसते खळगे.
उलट कर, म्हणाली.
ती नेहमी पाठच टांगते, सहीही पाठीवरच.

चारला मावळणारा उजेड खिडकीतून आडवा आला
आणि पांढऱ्यावर पांढरं वर आलं :
फट उठलेली, भोकांच्या गाठी,
कडेला तिच्या पात्याची थरथर.
पाठीसारखं काही दिसत नव्हतं.
मी सांगते ना, आयुष्यभर तेच पाहिलंय.

आपल्याकडे पाठीवरून हात
मोठ्यांनी फिरवायचा, धाकट्यांच्या.
उलट कोण करतं?

हात लावू का, मी विचारलं.

वाळू दे, मोरॅग म्हणाली.
सोमवारी ये.